नळदुर्गचा बंधारा आणि आमचा सामाईक बांध



नळदुर्गचा किल्ला बघायला लोक पावसाळ्यात येतात. वरचं बोरी धरण भरून वाहायला लागलं की किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात, आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरनं गाड्या आत वळायला लागतात. बघण्यासारखंच असतं ते, नाही म्हणत नाही. पण शेतकऱ्यानं हा किल्ला एकदा उन्हाळ्यातबी बघावा. पाणी पडत असलं की नजर पाण्यावरच राहते. पाणी उतरलं की बंधारा कसा बांधलाय ते दिसतं.

यंदा मी मे महिन्यात गेलो. त्याला कारण आमचा बांध.

आमचं आणि थोरल्या चुलत्यांचं रान लागून आहे. मधी चारशे फुटांचा सामाईक बांध. वर आमचं, खाली त्यांचं. हा बांध १९७२ च्या दुष्काळात पडलेला. माणसं कामावर होती, घमेल्यानं माती वाहून टाकलेली. त्या बांधावरनं बैलगाडी जायची असं आई सांगते. मधली काही वर्षं दोन्ही रानं बटईनं दिलेली होती. दर साली ट्रॅक्टरवाला नवा, आणि दर साली फण चार बोटं आत. करता करता पाया तीन फुटांवर आला आणि माथ्यावर धड पाऊल मावंना.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात काय पाऊस झाला ते तुम्हाला सांगायला नको. परंडा, भूमकडं तर माणसं पुरातनं बाहेर काढायची वेळ आली. आमच्याकडं एका रात्रीत बांध मधोमध फुटला. वरचं सगळं पाणी दादांच्या उभ्या सोयाबीनमधनं गेलं आणि आठ गुंठ्यांची वरची माती घेऊन गेलं. दादा म्हणजे चुलत्यांचा थोरला. दिवाळीला दोन्ही घरांत फराळाची ताटं गेली नाहीत. भांडण असं झालं नाही, पण बोलणंच बंद. सात महिने.

मे मध्ये तुळजापूरला पाव्हण्यांच्यात लग्न होतं. येताना एकाच गाडीत बसायची पाळी आली. नळदुर्गात चहाला थांबलो. ऊन उतरलेलं होतं. मी म्हणालो, "दादा, किल्ल्यात जाऊन येऊ का?" ते नाही म्हणाले नाहीत.

गावाच्या बाजूनं हुरमुख दरवाज्यातनं आत शिरलो. किल्ल्याची तटबंदी सुमारे ३ किलोमीटर आणि तिला ११४ बुरूज. एवढं सगळं एका दमात बघायचं म्हणलं तर पाय भरून येतात. आम्ही आधी उपळी बुरुजावर चढलो. हा बुरूज तटात नाही, आत सुटा उभा आहे. वर दोन लांबलचक तोफा पडलेल्या आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ. पोरं तोफेवर बसून फोटो काढतात. तुम्ही तिथनं खाली बघा. एका बाजूला नळदुर्ग गाव, एका बाजूला नदीचं पात्र, पात्रापलीकडं दुसरा कोट, त्याला रणमंडळ म्हणतात. ह्या दोघांच्या मधी बोरी अडवलेली आहे. पाणी साठलं की ते प्यायलाबी आणि शत्रूला अडवायलाबी. हे एकदा वरनं बघितलं की खाली बंधाऱ्यावर गेल्यावर सगळा हिशोब लागतो.

बंधारा विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन सांगतात. काळा दगड आणि चुना. आणि ह्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की गार खोल्या लागतात आणि खिडकीतनं खालचं पात्र दिसतं. पावसाळ्यात डोक्यावरनं नदी जाते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. चारशे वर्षं झाली.

दादा कठड्याला टेकून मला म्हणाले, "धबधबा तर नाही, मग काय बघूलालास?"

मी म्हणालो, "पाणी कुठनं जातंय ते बघूलालाव."

मंडळी, त्या बंधाऱ्यात मला तीन गोष्टी दिसल्या, आणि तिन्ही आपल्या रानात लागू आहेत.

पहिली, सांडव्याची जागा. पूर येणार हे धरूनच बांधलंय. पाण्याला जायला दोन जागा ठरवून दिल्या. आपण ज्याला नर-मादी धबधबे म्हणतो ते दुसरंतिसरं काही नाही, ते सांडवे आहेत. जास्तीचं पाणी तिथनंच जाणार, बाकीच्या बंधाऱ्याला हात लावणार नाही. आपल्या बांधाला सांडवा नसतो. असला तर कुणीतरी "माझ्या रानात पाणी नको" म्हणून बुजवलेला असतो. मग पाणी स्वतःच जागा निवडतं, आणि ते नेहमी सगळ्यात कच्ची जागा निवडतं.

दुसरी, पाणी पडतं तिथली जमीन. दोन्ही धबधब्यांचं पाणी खाली कातळावर पडतं. आपल्याकडं ते काळ्या मातीवर पडतं. खाली खड्डा पडतो, खड्डा मागं सरकत बांधाच्या पायापर्यंत येतो, आणि एक दिवस बांध बसतो. आमचा असाच फुटला. सांडवा काढला आणि त्याच्या तोंडाखाली दगड बसवले नाहीत, तर काम अर्धंच.

तिसरी, रुंदी. इतकी जाडी ठेवलीय की तिच्या पोटात महाल बांधला. रुंदी वाया गेली असं तिथं कुणाला वाटलं नसणार. आपण मात्र बांधाची रुंदी म्हणजे वाया गेलेली जमीन धरतो आणि फणानं कोरून घेतो.

पुढं १६८६ ला विजापूर मोगलांनी घेतलं. मग निजाम आला. १८५३ ला नळदुर्ग इंग्रजांकडं गेलं, जिल्ह्याचं ठाणं झालं, १८६० ला परत निजामाकडं. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली. एवढे मालक बदलले, पण बंधारा कुणी कोरला नाही. हे मी दादांना बोललो तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आता पाखरांचं सांगतो, कारण खरं बोलणं तिथनं सुरू झालं.

किल्ल्यात पडक्या खोल्या भरपूर. अंधाऱ्या खोलीत वटवाघळं, तटाच्या भोकांत पोपट आणि पारवे, नदीच्या दरडीला वेडे राघू, पाण्याच्या डबक्यावर खंड्या आणि बगळे. रणमंडळाच्या अंगाला मोर ओरडत होता. उंच तटाला आग्या मोहोळ लोंबत होतं. तिथं मोठ्यानं बोलू नका, धूर करू नका, दगड तर चुकूनबी मारू नका. सूर्यफूल आणि कांद्याचं बी करणाऱ्यांना माशीची किंमत माहीत आहे.

एका पडक्या कमानीखाली जमिनीवर काळ्या-करड्या गोळ्या पडलेल्या होत्या, अंगठ्याएवढ्या. दादांनी एक उचलून फोडली. आत केस आणि बारीक हाडं. उंदराची कवटी दातांसकट. वर कोनाड्यात बघितलं तर पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड. घुबड उंदीर आख्खा गिळतं आणि न पचलेलं असं ओकून टाकतं. त्या एका जागी आम्ही नुसत्या डोळ्यांनी तीस-पस्तीस गोळ्या मोजल्या.

दादांच्या हरभऱ्यात गेल्या दोन साली उंदरानं ताण दिला होता. औषधाच्या गोळ्या टाकून झाल्या, बिळं बुजवून झाली. ते बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आपल्या बांधावर बाभळ होती. ढोलीत असलंच एक बसायचं. म्हातारी त्याला अपशकुनी म्हणायची."

बाभळ बांध कोरताना मुळं उघडी पडून गेली. तिच्यासंगं ढोली गेली, घुबड गेलं. बांधावरचं गवत गेलं तसं मुंगसाची ये-जा थांबली. कोतवाल पक्षी बसायला फांदी नाही म्हणून आपण हरभऱ्यात काठ्या रोवून पक्षीथांबे करतो. बाभळीनं हे काम फुकट केलं असतं.

२०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात वाघ आला, तो यवतमाळकडच्या टिपेश्वरचा निघाला. एवढं अंतर तो ओढ्यानाल्यांच्या कडेनं, डोंगराच्या कडेनं, पडीक रानांतनं चालत आला. वाघाचं सोडा, तो आपल्या बांधावर येणार नाही आणि येऊबी नये. पण मुंगूस, घोरपड, ससा, तित्तर ह्यांनाबी चालायला अशीच न नांगरलेली पट्टी लागते. चार बोटांचा बांध त्यांच्या काय कामाचा?

परतीच्या वाटेवर दादा म्हणाले, "पाया किती धरावा लागंल?" सात महिन्यांनंतर बांधाचा विषय त्यांनी काढला.

तिथंच तटाच्या सावलीला बसून हिशोब केला. तुमच्याबी कामाला येईल म्हणून सविस्तर लिहितो. काळ्या मातीचा बांध उभा राहत नाही, त्याला उतार जास्त द्यावा लागतो. उंची अडीच फूट, माथा दोन फूट, आणि दोन्ही अंगांना एका फुटाला दीड फूट उतार धरला, तर पाया साडेनऊ फूट होतो. आज तीन फूट आहे. म्हणजे साडेसहा फूट वाढवायचे, दोघांनी सव्वातीन-सव्वातीन फूट द्यायचे. चारशे फूट लांबीला प्रत्येकाची तेराशे चौरस फूट जमीन जाते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आत. आमच्याकडं सोयाबीन एकरी आठ क्विंटल पडतं. त्या हिशोबानं एकाचं वर्षाला चोवीस किलो सोयाबीन जातंय.

दादांनी बोटं मोडली. "आणि माझे आठ गुंठे गेले त्याचं?"

आठ गुंठ्यांचे एकशेसाठ किलो, तेबी एकाच सालाचे. वाहून गेलेली माती तर हिशोबात धरलीच नाही.

ठरलं ते असं. सांडवा मधोमध काढायचा नाही, कारण फुटलेल्या जागेची माती नवी आणि भुसभुशीत राहणार. पूर्वेच्या टोकाला मुरूम लागतो, तिथं काढायचा, माथ्यापेक्षा एक फूट खाली. तोंडाखाली दगड बसवायचे आणि तिथनं पाणी दादांच्या कडेच्या चरातनं ओढ्याला द्यायचं. चर खोदायचा खर्च आमचा, कारण पाणी आमच्या रानातलं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिलं पाणी भेगेतनं आत शिरून बांध पोकळ करतं, म्हणून माथ्यावर मुरमाचा थर. दोन्ही उतारांवर मारवेल आणि पवना गवत लावायचं, कापून जनावरांना घालायचं, मुळासकट उपटायचं नाही. बाभळी आणि बोरी उतारावर नाही, टोकांना लावायच्या, म्हणजे मुळानं बांध फाटणार नाही आणि सावली पिकावर कमी पडंल. ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगायचं की बांधापासून एक हात सोडून फण टाक.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दादांचा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो आधी सरकारी मोजणी करा, मग एक इंच द्या. त्याचं चूक आहे असं मला वाटत नाही, जमीन त्याचीबी आहे. पण मोजणी होईपर्यंत पाऊस थांबणार नाही. म्हणून सध्या असं केलंय की आहे त्या बांधाचा मध धरून दोन्हीकडं चुन्याची रेघ मारली, फोटो काढले, आणि साध्या कागदावर लिहिलं की मोजणीत जे निघंल ते दोघांना मान्य, बांध मात्र एवढाच रुंद राहणार. दादांनी सही केली, मी केली. धाकट्याची व्हायची आहे. तो ह्या रविवारी येतोय. जेसीबीवाल्याला सोमवारची वेळ दिली आहे.

किल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. प्यायचं पाणी संगं न्या, टोपी घाला, पायात बूट असू द्या. आधी उपळी बुरूज, मग बंधारा आणि पाणी महाल, आणि पाय चालत असले तर नऊ पाकळ्यांचा नव बुरूज. अंधाऱ्या खोलीत बॅटरी मारून वटवाघळं उठवू नका, भिंतीवर नावं कोरू नका. आणि पोरांना संगं न्या. सांडवा म्हणजे काय हे त्यांना तिथं दोन मिनिटांत कळतंय.

तुमच्या शिवारात सामाईक बांधाचं कसं मिटवलं, सांडवा कुणाच्या अंगाला काढला, आणि पुढच्या पावसात तो टिकला का, ते खाली लिहा. धाकट्याला दाखवायला मला रविवारच्या आत हवंय.