भिंतीतला पारा

मैत्रिणींनो, आजोळच्या मातीच्या भिंती मी शेणामातीने सारवल्यात, म्हणून हे वाचून चरकलेच. पेरू देशात, अँडीज डोंगरात, साडेतीन हजार मीटरहून उंच हुआंकाव्हेलिका नावाचं लहान शहर आहे. तिथल्या हिंगुळाने इंका लोक तोंड रंगवीत. (आपल्या कुंकवासारखंच की!) पुढे १५६० नंतर स्पॅनिशांनी त्यातून पारा काढला, पोतोसीची चांदी वेगळी करायला. वेठीला धरलेले किती गडी मेले! ‘मृत्यूची खाण’ हेच नाव पडलं. खाण बंद झाली. पण भट्ट्यांचा धूर मातीत मुरलेला, अन् त्याच मातीच्या विटांची घरं. अलीकडे तपासणीत भिंतींतून पारा निघाला. रोज घर झाडणाऱ्या बाईने काय करावं? गिलावा करा, फरशी घाला, हा उपाय. बटाटे अन् अल्पाकाच्या लोकरीवर चालणाऱ्या घरात तेवढे पैसे कुठून यायचे?