वेगाचा ताप

शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला पोर्शेच्या सुरुवातीच्या टायकान टर्बो एसला 2.8 सेकंद लागतात, टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडला 2.1. मी विजेच्या गाड्यांमध्ये काम करतो असं कळलं की हे आकडे मला हमखास ऐकवले जातात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘म्हणजे टेस्लाच भारी ना?’ यावर मी उलट विचारतो, दहाव्यांदा किती सेकंद लागतात?

पुण्यात मी मोटर आणि बॅटरी थंड ठेवण्याचं काम करतो. मोटरच्या तांब्यात, लोखंडात, चुंबकात किती उष्णता तयार होते, ती तेलाने काढायची की पाण्याने, आणि काढून टाकायची कुठे, यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे या दोन गाड्यांकडे मी त्याच नजरेने बघतो, आणि माझ्या मते या जातीच्या गाड्या पारखायची दुसरी खरी कसोटी नाही. पेट्रोलच्या जमान्यात ताकद मिळवणं अवघड होतं. पाचशे हॉर्सपॉवरचं इंजिन बनवायला पिढ्यान् पिढ्यांचं कसब लागायचं. विजेची मोटर जागेवर उभी असतानाच पूर्ण टॉर्क देते, आणि काही सेकंदांसाठी तिच्याकडून वाटेल तेवढी ताकद काढून घेता येते. ब्रोशरमध्ये छापतात ती ही क्षणिक झेप. तीच मोटर अर्धा तास सलग किती ओढेल, हे तिथे लिहिलेलं नसतं.

उष्णता किती असते, याचा एक साधा हिशेब मांडतो. सुमारे 2,300 किलोची गाडी ताशी 200 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या नुसत्या वेगात जवळजवळ एक युनिट वीज साठलेली असते. लाइट बिलात असतं तेच युनिट. बॅटरीपासून चाकापर्यंत दहा टक्के वाया गेले असं धरलं, तर एक दशांश युनिटाची उष्णता झाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ती दहा सेकंदांत तयार होते, म्हणजे त्या दहा सेकंदांपुरती सुमारे 36 किलोवॅट. एक टनाचे दहा एसी एकदम लावले तर खोलीतून जेवढी उष्णता बाहेर फेकतील, तेवढी ही, आणि ती सगळी मांडीवर मावेल एवढ्या तांब्यात आणि सेलच्या पातळ थरांमध्ये. तांब्यावरचं चांगलं इन्सुलेशन 180 अंशांपर्यंत तग धरतं. चुंबकांची ताकद तापमानाबरोबर घटत जाते. लिथियम-आयन सेलला तर साठ अंशांच्या आसपासच धोका वाटू लागतो. यांपैकी एकाचीही मर्यादा जवळ आली की सॉफ्टवेअर गुपचूप ताकद कमी करतं. आमच्या भाषेत, पॉवर कट होते.

प्लेड पहिल्यांदा ग्राहकांच्या हाती पडली 10 जून 2021 रोजी, कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटच्या कारखान्यात. तीन मोटर्स, 1,020 हॉर्सपॉवर. टेस्लाने सांगितलेला शून्य ते 60 मैलांचा वेळ 1.99 सेकंद, मात्र त्यात पहिल्या फूटभराचा प्रवास धरलेला नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये तसाच रिवाज आहे, त्यामुळे त्यात लपवाछपवी नाही. पण युरोपातल्या आकड्याशेजारी तो ठेवताना एवढं लक्षात असावं.

या गाडीत मला सगळ्यांत आवडतो तो तिचा रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग. रोटर जेवढा वेगाने फिरेल, तेवढे त्यातले चुंबक बाहेर उडून जायला बघतात. म्हणून इतर मोटर्समध्ये त्यांना धरून ठेवायला लोखंडाचे पूल सोडावे लागतात, आणि त्या पुलांमधून बरंचसं चुंबकीय बळ फुकट निसटतं. टेस्लाने रोटरवर कार्बन फायबरचं वेष्टण चढवलं. तापल्यावर कार्बन आणि धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ते प्रचंड ताण देऊन गुंडाळावं लागतं. त्याची यंत्रणाच कंपनीला स्वतः उभारावी लागली. या वेष्टणामुळे रोटर मिनिटाला वीस हजार फेऱ्या सहज घेतो, आणि एकाच गिअरवर गाडी शून्यापासून ताशी 322 किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यासाठी टायर आणि ब्रेक मात्र त्या तोडीचे हवेत. मोटर बनवणाऱ्या माणसाला हा रोटर बघून हेवा वाटतो.

झुफेनहाउझेनच्या पोर्शेने उलटी वाट धरली. मागच्या चाकांच्या मोटरला दोन गिअर दिले. पहिला उडी मारायला, दुसरा लांबच्या वेगासाठी. दोन गिअर म्हणजे वजन वाढलं, खर्च वाढला, बिघडू शकणारी एक वस्तू वाढली. विजेच्या गाडीला गिअरबॉक्स लागत नाही हे तर तिचं मोठं सुख मानलं जातं. मग पोर्शेने तो का घेतला? कारण वेगवेगळ्या वेगांना मोटर आपल्या सोयीच्या टापूत राहते, कमी करंटमध्ये तेवढंच काम करते आणि कमी तापते. निदान मला तरी त्या निर्णयामागे हाच विचार दिसतो.

2019 मध्ये गाडी बाजारात येण्याआधी पोर्शेने दोन चाचण्या जाहीरपणे केल्या. जर्मनीतल्या लार इथल्या धावपट्टीवर टायकान शून्य ते 200 अशी लागोपाठ 26 वेळा पळवली. सरासरी दहा सेकंदांच्या आत राहिली, आणि सर्वांत जलद नि सर्वांत संथ धावेत फरक पडला 0.8 सेकंदाचा. दुसरी चाचणी इटलीत, नार्दोच्या गोल ट्रॅकवर. हवेचं तापमान 42 अंशांपर्यंत, डांबराचं 54 पर्यंत, आणि चार्जिंगसाठी थांबून चोवीस तासांत 3,425 किलोमीटर. हे आकडे वाचले तेव्हा मला त्या गाडीच्या कूलंट पंपापासून सेलखालच्या प्लेटपर्यंत प्रत्येक इंजिनिअरचा हात जाणवला. सव्विसावी धाव पहिल्यासारखी पळवायची, तर कुठेच हयगय चालत नाही.

टायकानच्या 800 व्होल्टबद्दल मात्र बराच गैरसमज आहे, आणि तो इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांमध्येही दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 560 किलोवॅट ताकद 400 व्होल्टवर न्यायची तर 1,400 अँपिअर करंट लागतो, 800 व्होल्टवर त्याच्या निम्मा, 700. केबल तीच ठेवली तर करंट निम्मा झाल्यावर तिची उष्णता एक चतुर्थांश होते. इथवर बरोबर. पण यावरून ‘800 व्होल्टची बॅटरी कमी तापते’ असं जे म्हटलं जातं, ते चूक आहे. तेच सेल समांतर जोडण्याऐवजी एकापुढे एक जोडले तर व्होल्टेज वाढतं, पण तेवढीच ताकद मागितल्यावर प्रत्येक सेलमधून जाणारा करंट पूर्वीइतकाच राहतो. सेलला आपण कुठल्या रांगेत उभे आहोत हे कळत नाही. फायदा होतो तो केबल, जोडण्या, कॉन्टॅक्टर आणि मुख्य म्हणजे चार्जिंगच्या वायरीला. सुरुवातीची टायकान 270 किलोवॅटपर्यंत चार्जिंग घ्यायची आणि अनुकूल परिस्थितीत पाच टक्क्यांवरून ऐंशीवर 22.5 मिनिटांत जायची. ते साधायलाही 396 सेल नीट थंड ठेवावेच लागत. त्या कामात व्होल्टेजची काही मदत होत नाही. प्लेडमध्ये हाच प्रश्न हजारो लहान दंडगोल सेलना पसरलेला आहे. त्यांच्या अंगाला लागून कूलंटच्या पट्ट्या फिरवलेल्या असतात. दोन्ही रचना मला पटतात.

ड्रॅगच्या धावेआधी प्लेड काही मिनिटं तयारी करते. बॅटरी गरम करते आणि मोटर थंड. कारण गरम सेलचा अंतर्गत रोध कमी असतो, आणि थंड मोटरला तापायला वाव जास्त असतो. युक्ती सुंदर आहे. पण ती एका झेपेची तयारी आहे, आणि दोन गाड्यांच्या स्वभावातला फरक मला इथे सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

मी दोन्ही गाड्या जर्मनीत चालवल्या आहेत. प्लेडचा पिकअप अंगावर येतो, मान सीटला चिकटते. टायकान तेवढी धडकी भरवत नाही, पण ब्रेकवर पाय ठेवला की कळतं ही गाडी कोणासाठी बनवली आहे. टेस्लात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर गाडी ओढून धरते आणि बॅटरी भरू लागते. ब्रेकचं पेडल मुख्यतः डिस्कसाठी. टायकान पाय उचलल्यावर बव्हंशी मोकळी घरंगळते, आणि पेडल दाबलं की आधी मोटर (सुरुवातीच्या टायकानमध्ये 265 किलोवॅटपर्यंत) ऊर्जा परत घेते, उरलेलं काम डिस्क करतात. रोजच्या वापरातलं नव्वद टक्के ब्रेकिंग असं मोटरवरच होतं, असं पोर्शे सांगते. मोटर सोडते कधी आणि डिस्क पकडते कधी, हे पायाला कळू नये यासाठी केवढी मेहनत लागते, ते मला ठाऊक आहे.

आपल्या बोरघाटात याचा अर्थ नीट लागतो. खंडाळ्याहून खोपोलीला साधारण पाचशे मीटर उतरताना 2,300 किलोच्या गाडीत तीन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. लोणावळ्यात कोणी बॅटरी शंभर टक्के भरून निघालं, तर ती घ्यायला जागाच नाही. अशा वेळी पाय उचलण्यावर विसंबलेल्या चालकाला गाडी नेहमीसारखी अडत नाही. पेडलवर दोन्ही ब्रेकचा मेळ घातलेला असेल तर त्याला फरक फारसा जाणवत नाही. म्हणून घाट उतरायचा असेल तर वर असताना ऐंशी-पंच्याऐंशीवर चार्जिंग थांबवावं. विजेची गाडी कोणतीही असो.

जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकच्या 20.832 किलोमीटरवर या दोघींची चुरस बरीच गाजली. सप्टेंबर 2021 मध्ये प्लेडने 7 मिनिटं 35.579 सेकंदांची फेरी मारली. पुढच्या वर्षी टायकान टर्बो एसने 7:33 च्या घरात ती मोडली. 2023 मध्ये प्लेड पुन्हा आली आणि 7:25.231 घेऊन गेली. या वेळी तिला कार्बन-सिरॅमिक ब्रेक होते; टायकान टर्बो एसला ते पहिल्यापासून मिळत होते. 2024 च्या जानेवारीत टायकान टर्बो जीटीची 7:07.55 ची फेरी जाहीर झाली, पण त्या गाडीतून मागच्या सीटही काढून टाकल्या होत्या. 2025 मध्ये शाओमीची एसयू7 अल्ट्रा 7:04.957 वर पोचली. यातून ब्रेकचा मुद्दा तेवढा मी घेतो. ताकद होतीच, वेग जिरवायची सोय झाल्यावर प्लेडची फेरी खाली आली.

टायकानची बाजू घेतो, पण एका बाबतीत ती पहिली काही वर्षं उघड मागे होती. अमेरिकी सरकारच्या मोजणीत सुरुवातीची टर्बो एस एका चार्जमध्ये 192 मैल जायची, प्लेड 396. प्रत्यक्षात टायकान त्या आकड्यापेक्षा बरीच पुढे जाते हे अनेक चाचण्यांत दिसलं, तरी दरी राहतेच. प्लेडचा हवेला विरोध फार थोडा, ड्रॅग गुणांक 0.208. टर्बो एसच्या मागच्या चाकांना 305 मिलिमीटर रुंद टायर. वळणावरची पकड तिने अंतर मोडून विकत घेतली आहे. 2024 च्या सुधारित टायकानमध्ये बॅटरी 105 युनिटांची झाली, चार्जिंग 320 किलोवॅटवर गेलं आणि मागची मोटर दहा किलोने हलकी झाली, तेव्हा ही उणीव बरीच भरून निघाली. आज त्या दोघींतून निवडायचं झालं तर मी ही नवी टायकान निवडतो, आणि प्लेडचा रोटर तिच्यात असता तर बरं, असं मनापासून वाटतं.

भारतात टायकान नोव्हेंबर 2021 मध्ये आली. मॉडेल एस टेस्लाने इथे विकायला आणलीच नाही. पण हा सगळा हिशेब आता आमच्या दाराशी आला आहे. चाकणमध्ये बनणारी महिंद्राची बीई 6 मोठ्या बॅटरीसह 175 किलोवॅटपर्यंत चार्जिंग घेते. नागपुरात मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना नुसत्या रेडिएटरने कूलंट हवेपेक्षा थंड होत नाही. तिथे एसीचा कॉम्प्रेसरच लागतो, आणि तोच कॉम्प्रेसर केबिनमधल्या माणसांनाही थंड करत असतो. अशा दुपारी रांगेतली तिसरी गाडी पहिलीइतक्या वेगाने चार्ज होते का, आत बसलेल्यांना घाम न फुटता, हे मोजून छापणारी चाचणी इथल्या मोटारविषयक मासिकांनी सुरू करावी, अशी माझी मागणी आहे. लागणारी उपकरणं पुण्यातल्या प्रयोगशाळांमध्ये आहेतच.