जुने मळणीयंत्र

लामत्याच्या आसमंतात कापणी उरकली, की बांधीबांधीच्या काठी धानाचे पुंजणे उभे राहते, आणि मग घरोघरी एकच प्रश्न असतो : चुरणी केव्हा? खळ्यावर बैलांची पात फिरे, तेव्हा या प्रश्नाला घाई नव्हती. आता भाड्याच्या यंत्राची वाट पाहावी लागते. ते मोठ्या शेतकऱ्यांकडून मोकळे होईपर्यंत अवकाळी पाऊस आला, तर पुंजण्यातच धानाला कोंब फुटतात. लागोपाठ दोन वर्षे हे पाहिल्यावर आमच्या घरी असे ठरले, की ट्रॅक्टर घरचा आहे, तर यंत्रही घरचे असावे.

नव्याची ऐपत नव्हती. गोंदियाकडील एका गृहस्थांच्या गोठ्याआड असे एक यंत्र पडून असल्याचे कळले. आम्ही पाहावयास गेलो, तेव्हा त्याच्या चाळणीवर कोंबड्या बसलेल्या होत्या. पत्रा गंजलेला, पट्टे कुजलेले; परंतु सांगाडा सरळ होता आणि ड्रमचा दांडा वाकलेला नव्हता. जुन्या यंत्रात पाहावयाचे ते एवढेच; बाकीचे विकत मिळते. भंगाराच्या भावाहून थोडे अधिक देऊन ते आम्ही ट्रॉलीत घालून आणले.

ड्रमवर लोखंडी दाते असतात. त्यांतले काही झिजून बोटाएवढे, तर काही अगदी नाहीसे झालेले. दाते नवे बसविणे सोपे. ड्रमचा तोल राखणे अवघड. दोन्ही टोके आधारावर ठेवून ड्रम हलकेच फिरविला, की जड बाजू दरवेळी खाली येऊन थांबते. म्हणून समोरासमोरचे दाते किराण्याच्या काट्यावर जोडीजोडीने तोलून घेतले. ड्रम कोठेही सोडला तरी तेथेच थांबू लागला, त्याला चार दिवस गेले. गावातील वेल्डर या काळात आमच्यावर वैतागला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुसरी गोष्ट गतीची. ट्रॅक्टरच्या मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. ही गती जगभर प्रमाण मानलेली आहे. आमचा एक पुतण्या कॅनडात असतो. तेथे त्याच दांड्यावर बर्फ उडविण्याचे यंत्र चालते, असे तो सांगतो. बर्फाखालचा दगड आत अडकला, तर त्या यंत्रातील एक मऊ बोल्ट मुद्दाम तुटतो आणि बाकीचे वाचते. आमच्या यंत्रात ते काम घसरणारा पट्टा करतो. मनुष्याचा हात अडकला असता मात्र बोल्टही तुटत नाही आणि पट्टाही घसरत नाही.

आधीच्या मालकांनी या यंत्रावर गहू काढलेला होता. दांड्यावरची पुली १२ इंची, ड्रमवरची ८ इंची. म्हणजे ड्रमला मिनिटाला ८१० फेरे. गव्हाला हे सोसते, धानाला सोसत नाही. दाण्याला आतून चीर जाते आणि गिरणीत कणीच कणी निघते. आम्ही ड्रमवर ११ इंची पुली बसविली, तेव्हा फेरे ५८९ वर आले. पण पंखा ड्रमवरूनच फिरत असल्यामुळे त्याचा वाराही मंदावला आणि धानात तणसाचा भुगा राहू लागला. मग पंख्याची पुली लहान करावी लागली. यंत्रात एक गोष्ट बदलावी, तर दुसरी हाक मारतेच.

एवढे होईपर्यंत आमच्याकडे पूर्वीपासून राबणारे बाबा यंत्राजवळ फिरकले नव्हते. तरुणपणी परगावी मजुरीस असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे अशाच यंत्राने नेली होती. एके दिवशी ते आले, तोंडापाशी वाकले आणि म्हणाले, “मालक, याची जीभ कापली आहे.”

पेंढ्या जिच्यातून आत सारतात ती पन्हळ कोणीतरी हातभरावर कापून टाकलेली होती. कारण उघड आहे. पन्हळ आखूड असली, की मनुष्य ड्रमला चिकटून उभा राहतो आणि काम झपाट्याने होते. भारतीय मानक ९०२० प्रमाणे ही पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ड्रमकडील ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत याहून आखूड असतो, हाच त्या मापाचा अर्थ. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तोही मुख्यतः मळणीयंत्रांसाठीच. तरीही पन्हळी कापल्या जातात आणि आम्ही आणलेले यंत्र त्याचाच पुरावा होते.

घरात यावर बरेच बोलणे झाले. चुरणीस येणाऱ्या टोळीला लांब पन्हळ नको होती. थोरले दादा म्हणत, टोळी रुसून गेली तर यंत्र असून उपयोग काय? बाबा काहीच म्हणाले नाहीत. वहिनींनी मात्र विचारले, की पेंढ्या देण्यास उद्या आपला मुलगा उभा राहिला तर? त्याच संध्याकाळी पत्रा आणला.

ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत जाणारा दांडाही उघडाच होता. तो सेकंदाला नऊ फेरे घेतो. सहा सेंटिमीटर जाडीच्या दांड्यावर एवढ्या वेळात दीड मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. पदराला किंवा गमछाला सावरण्यास अवधीच मिळत नाही. त्यावर नळीचे आवरण घालून ते साखळीने बांधले, म्हणजे आत दांडा फिरला तरी आवरण स्थिर राहते. रंग देणे राहिले आहे. ते राहिले तरी चालेल.

यंदा टोळी आली, दोन दिवस कुरकुरली आणि मग तिला सवय झाली. काम पूर्वीपेक्षा सावकाश होते, हे खरे आहे. गिरणीवाल्याने कणी कमी असल्याचे आपण होऊन सांगितले. एक बेअरिंग अजून तापते, त्याचा बंदोबस्त करावयाचा आहे. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या लहानशा तुकड्यातील चिन्नोरचे पुंजणे अद्याप उभे आहे. त्याचा दाणा बारीक. तेव्हा गती आणखी थोडी उतरवावी की काय, यावर दादांचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही.