समुद्रफेस

रत्नागिरीहून परतणारा माणूस आंबापोळी आणतो, फणसपोळी आणतो. मी समुद्रफेस आणला! भाट्याच्या वाळूत सकाळी फिरताना पायाशी आला. होडीच्या आकाराचा, वीतभर लांब, पांढराशुभ्र. नखाने खरवडला तर पीठ सांडावे. लहानपणी आमच्या पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला असलाच तुकडा अडकवलेला असे. तो काष्ठौषधीच्या दुकानातून येई. लाटांचा फेस वाळून घट्ट झाला, की त्याचा समुद्रफेस होतो, अशी तेव्हापासून माझी ठाम समजूत.

मिरकरवाडा बंदरावर एका मासेवालीने ती मोडली. "फेस कुठला, भाऊ! माकुलाचं हाड ते," असे म्हणत तिने टोपलीतले एक रुंद माकुल कोयत्याने उभे चिरले. आत तीच पांढरी होडी! मग शेजारचे लांबट माकुल चिरले. त्यात हाड नव्हते. काचेसारखे पारदर्शक पाते होते.

माकुल हा मासा नव्हेच. ते शिंपल्या-गोगलगाईंचे भाऊबंद. पूर्वजांचे बाहेरचे कवच त्याने पोटात घेतले. ऑक्टोपसने तर ते जवळजवळ टाकूनच दिले. नॉटिलस तेवढा अजून शंखाचे घर घेऊन हिंडतो. रुंद माकुलाच्या हाडात बारीक कप्पे असतात. त्यांतले पाणी कमीजास्त करून ते हव्या त्या खोलीवर तरंगते. हृदये तीन, रक्त तांब्यामुळे निळसर. अंगाचे रंग क्षणात पालटतात; आणि गंमत ही, की या कुळातल्या बहुतेकांना स्वतःला रंग ओळखता येत नाहीत! शत्रू दिसला, की शाईचा ढग सोडून पसार.

एवढी करामत, पण आयुष्य वर्षा-दोन वर्षांचे. अंडी घातली, की मादी मरते. पिले आईला पाहतच नाहीत. शिवाय उजेडाकडे धावण्याची खोड! होड्यांवर प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने 2017 साली बंदी घातली, ती अशा लुटीसाठीच.

"अंडी घालायच्या आधीच उचललं, तर पुढल्या साली टोपलीत काय घालू?" मासेवालीने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. मी दोन वाटे घेतले आणि निघालो.

तो समुद्रफेस आता माझ्या टेबलावर असतो. त्याच्या धनिणीने मरण्यापूर्वी अंडी घातली असावीत, असे मी आपले मानतो.