मधला तुकडा

‘इंपीडन्स’ हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकाने १८८६ साली घडवला, तो ‘अडवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. मराठीच्या अध्यापकांना त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे एक सहकारी हॅम रेडिओचे परवानाधारक आहेत आणि अँटेना चढवताना दोरी धरायला माणसे लागतात, एवढेच आमचे कर्तव्य.

त्यांची तारेची बंद चौकट, म्हणजे लूप अँटेना, १४.२ मेगाहर्ट्झची होती, ती ७.१ वर आणायची होती. वारंवारता निम्मी झाली की तार दुप्पट होते, साडेएकवीस मीटरची त्रेचाळीस. पण तेवढ्याने भागत नाही. अशा अँटेनाचा इंपीडन्स साधारण १०० ओहम, रेडिओचा आणि खालून येणाऱ्या केबलचा ५०. सरळ जोडणी केली तर सुमारे ११ टक्के शक्ती सांध्यावरून परत फिरते. म्हणून मध्ये ७५ ओहमच्या केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा घालतात. ७५चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५६. ५०च्या पुरेसे जवळ. केबलमध्ये तरंग हवेतल्यापेक्षा सावकाश चालतो. आत भरीव पॉलिथिन असेल तर वेग ०.६६ पट, म्हणून साडेदहा मीटरचा पाव तरंग तिथे सात मीटरमध्ये मावतो. जुना तुकडा साडेतीन मीटरचा होता. तोच ठेवला असता तर केबल ७५ ओहमची असूनही १००चे ५६ झाले नसते.

हा मधला तुकडा आम्हांला आमच्या धंद्यातला वाटला. तो ना १०० ओहमचा ना ५०चा; दोन्ही टोकांशी नाते राखण्यासाठी त्याला स्वतःचा वेगळा स्वभाव लागतो, आणि लांबीही हिशेबाचीच लागते. गीतेचे श्लोक सातशे आणि १२९० सालच्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार. त्या विस्ताराला पाल्हाळ म्हणणाऱ्याने मधल्या तुकड्याचे गणित एकदा करून पाहावे. ‘सोपे करून सांगा’ म्हणणारे प्राचार्य आणि ‘मूळ संहिताच वाचा’ म्हणणारे समीक्षक, दोघांनाही हा तुकडा नकोच असतो. असो.

खरी गंमत मीटरची. परत फिरलेल्या शक्तीवरून जुळणी किती बिघडली, हे एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. १ म्हणजे उत्तम. समजा, केबलमध्ये पाणी शिरून ती कुजली आहे आणि वर अँटेना जोडलेलीच नाही. खालून १०० वॅट सोडले, ९० वाटेतच उष्णता होऊन गेले, १० टोकाशी पोचले. पुढे कोणीच नाही, म्हणून दहाही मागे फिरले. परतीच्या वाटेत ९ जिरले, १ खाली आला. मीटर म्हणतो, शंभरांतला एकच परतला! काटा १.२ वर, जुळणी झकास. म्हणून आमचे सहकारी चांगला आकडा दिसला की खूश होण्याऐवजी केबलचे वरचे टोक मोकळे करतात आणि पुन्हा मोजतात. तरीही आकडा चांगलाच राहिला, तर केबल फेकून देतात.

आमच्या विभागाला विद्यार्थ्यांच्या अभिप्राय-पत्रकांत गेल्या वर्षी पाचपैकी ४.६ गुण मिळाले. तृतीय वर्षाला नऊ जण उरले आहेत, आणि विभाग टिकवायचा की नाही हे या आकड्यावर ठरायचे आहे. वर्गातून शंका परत येत नाहीत, तक्रार तर नाहीच. कविता मुलांपर्यंत पोचून तिथे मुरली म्हणून ही शांतता, की ती गाईड आणि नोट्सच्या वाटेवरच जिरली म्हणून, हे ४.६ सांगत नाही. वरचे टोक मोकळे करून पाहावे, म्हणजे सत्रभर एकही कविता न शिकवता तीच पत्रके भरून घ्यावीत, असे आम्ही विभागाच्या बैठकीत सुचवले. इतिवृत्तात ते नोंदवलेले नाही.