धमतरी : दत्तक पालकांच्या पैशातून वसलेले गाव

रायपूरहून दक्षिणेला जगदलपूरच्या रस्त्याने निघाले की अभनपूर, कुरूद मागे टाकत दोन तासांत धमतरी येते. अंतर जेमतेम 78 किलोमीटर. दोन्ही बाजूंना बांध घातलेली धानाची खाचरे आणि गावागणिक तळे. 1900 मध्ये या वाटेवर नॅरोगेजची छोटी गाडी सुरू झाली. रायपूर शहरातले तिचे रूळ आता उखडले गेले असून त्या जागी रुंद रस्ता आहे.

गाडी आली तो काळ मात्र सुखाचा नव्हता. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 मध्ये छत्तीसगडवर दुष्काळ कोसळला. सगळी भिस्त एका धानावर, ते गेले की घरात दुसरे काही नाही. आईबापांविना पोरे रस्त्यावर आली. त्याच सुमारास, नोव्हेंबर 1899 मध्ये, जेकब रेसलर आणि डॉ. विल्यम पेज व त्यांची पत्नी अॅलिस हे अमेरिकन मिशनरी धमतरीत उतरले. ते मेनोनाइट पंथाचे. हा पंथ शेतकऱ्यांचा आणि युद्धाला विरोध करणारा. मदतकार्याबरोबरच त्यांनी अनाथालय उघडले.

मुलांना पोसायला पैसा आला तो अमेरिकेतल्या सामान्य घरांतून. न्यूयॉर्कचे 'ख्रिश्चन हेरल्ड' हे कौटुंबिक साप्ताहिकही त्या वेळी वाचकांना हिंदुस्थानातली दुष्काळग्रस्त मुले सांभाळण्याचे आवाहन करत होते. एका मुलासाठी वर्षाला 15 डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे 46 रुपये! आजच्या दत्तक पालक योजनांची ही आजीच म्हणायची.

पण मुले कायम लहान राहत नाहीत. पाच-सात वर्षांत त्यांच्या लग्नाची वेळ आली. जमीन नाही, जातीचा आधार नाही, धर्मही बदललेला. त्यांनी जायचे कुठे? कपड्यांचे आणि जेवणाचे पैसे पाठवणाऱ्या दूरच्या पालकांना हा प्रश्न सुचण्याचे कारण नव्हते. मिशनला तो टाळता आला नाही. 1906 मध्ये त्यांनी धमतरीजवळचे बालोदगहन हे गावच मालगुजारीने विकत घेतले. मालगुजार म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको : गावचा सारा त्याने सरकारात भरायचा, कुळे त्याच्या हाताखाली. अनाथालयात वाढलेल्या तरुणांना इथे नांगर धरता आला, संसार मांडता आला.

यात एक अवघड गाठ होतीच. पोसणारा, शिकवणारा, प्रार्थना घेणारा आणि सारा वसूल करणारा एकच साहेब. अशा उपकारकर्त्याशी भांडायचे तरी कसे? मालगुजारी संपवणारा कायदा 1950 मध्ये झाला, तेव्हा कुठे ही गाठ सुटू लागली.

एका मुलाला दिलेला पैसा खरोखर फळतो का, याचा हिशेब पुढे अर्थतज्ज्ञांनीही मांडला. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 'कम्पॅशन' संस्थेच्या दत्तक योजनेतली मुले इतरांपेक्षा एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असे त्यात दिसले. परंतु परदेशी पैशावरची योजना सरकारी परवानगीच्या धाग्याला लटकलेली असते. परवानगी अडली आणि मार्च 2017 मध्ये कम्पॅशनने भारतातले काम बंद केले. सुमारे 1 लाख 45 हजार मुलांची मदत त्याबरोबर थांबली.

धमतरीत वेगळे घडले. मुलांच्या निमित्ताने आलेल्या मंडळींनी शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले आणि 1910 मध्ये दवाखाना सुरू केला. ज्यांचे नाव कोणत्याही पालकाच्या यादीत कधी नव्हते, अशांचीही त्यात सोय झाली. तो दवाखाना आज 'धमतरी ख्रिश्चन हॉस्पिटल' म्हणून चालू आहे. तिथे परिचारिकांचे शिक्षण होते आणि कांकेर-बस्तरच्या बाजूचे रुग्ण उपचारासाठी येतात.