सीताही तोच, रामही तोच

७ नोव्हेंबर, सडक अर्जुनी

हलका धान कापून झाला, भारी अजून बांधीत उभा आहे. मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, सुरू झाल्या. आज दुपारी एका मंडईत दंडार हे लोकनाट्य पाहिले. लुगडे नेसून नाचणारा पोरगा कालपर्यंत शेजारच्या बांधीत कापणीला होता. त्याला पाहताना मूकपटांत बाई झालेले अण्णा साळुंके मनात आले ते जाईनात.

८ नोव्हेंबर

दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा, नाजूक अंगकाठीचा साळुंके त्यांना दिसला. पगार महिना १५ रुपये. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

‘बाई मिळाली नाही म्हणून पुरुष’ एवढ्यावरच साळुंक्यांची गोष्ट संपवतात, ते मला पटत नाही. फाळक्यांच्याच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. म्हणजे पडद्यावर बाई आली होती. तरी १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये सीता साळुंकेच. आणि रामही साळुंकेच! नाइलाजाने घेतलेल्या नटाच्या हाती कोणी अख्खे रामायण देत नाही.

९ नोव्हेंबर

एकाने दोन्ही भूमिका कशा केल्या असतील? कथाच सोयीची आहे. सीता अशोकवनात, राम समुद्राच्या अलीकडे, मध्ये धावणारा हनुमान. ते काम गणपत शिंद्यांचे. पण सोय झाली म्हणून अभिनय होत नाही. आवाज नाही, गाणे नाही. नाटकातला स्त्रीपार्टी नट गळ्यावर तरून जाई, इथे फक्त मान, डोळे आणि हात. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातले जोडे काढत, असे सांगतात. ज्या देहाला सीता म्हणून पाहिले, त्याच देहापुढे!

१० नोव्हेंबर

संध्याकाळी शेजारच्या बाबाजींकडे गेलो. तरुणपणी ते दंडारीत बाईचे सोंग घेत. मोबाइलवर ‘हरिश्चंद्र’चे उरलेले तुकडे दाखवले. हौदात भिजणाऱ्या बायका, सगळे पुरुषच. बाबाजी हसले नाहीत. म्हणाले, “लुगडं नेसलो का पहिले आपले हात विसराचे लागतेत गा. धान कापनारे हात तसेच दिसले का मंग लोक हासतेत.”

अभिनयावर इतके नेमके बोलणे मी कुठे वाचलेले नाही.

मग त्यांनी विचारले, “पुढं काय केलं त्या मानसानं?”

मी सांगितले: पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले, दुसऱ्यांचे चेहरे टिपू लागले. तेव्हा चित्रण बहुतेक उन्हातच व्हायचे.

“मंग बराबर,” बाबाजी म्हणाले. “ऊन तोंडावर कोनीकडून घ्याचं, हे त्याले मालूमच असन.”